मेघनाला झोपू द्या

— नाही ताई, आज नका उठवू, मेघना आत्ताच पडलीय. बुधवारच्या तुमच्या गरोदर बायांच्या वर्गाला पाठवते की मी तिला, कधी नाही म्हटलंय? आंबिवलीत आमच्या या चाळीत आठव्या महिन्यात सुनेला कोण असं बसवून ठेवतं — मी ठेवते. प्रशांतला विचारा, आई बायकोला साधा हंडा उचलू देत नाही. गोळ्या? रक्तवाढीच्या ना, घेते — म्हणजे घेत होती, मळमळायला लागलं म्हणून मीच म्हटलं राहू दे जरा. मागच्या वर्गातनं आली ती पाय दाखवतच आली. "आई, सूज तोंडावर आली, डोकं दुखायला लागलं, तर घरात थांबायचं नाही म्हणाल्या ताई." म्हटलं, अगं, पहिलटकरणीचे पाय सुजतातच, माझेपण सुजलेले. उलट बोलायची सवय नाही तिला.

डोकं? दुखतंय, कालपासनं. बाम चोळला मी. तोंड — हो, भरल्यासारखं दिसतंय, मला वाटलं अंगाला लागतंय पोरीच्या. सकाळी म्हणाली, आई, भिंतीवर चांदण्या चमकतायत. ऊन असेल म्हटलं, पडदा ओढला. प्रशांत रिक्षा आणायला निघालेला — मीच त्याला कामावर पाठवला. असं बघू नका ताई माझ्याकडे. माझी थोरली बहीण अशीच पहिल्या खेपेला दवाखान्यात नेलेली, डोकं दुखतं म्हणून. परत आली ती चादरीत गुंडाळून. तेव्हापासनं दवाखान्याची पायरी मी चढले नाही — काय? नेली कधी? लगेच कुठली, आमच्या आईनं ठेवलेली ना घरात, उतरेल म्हणून. डोळ्यांना दिसेनासं झालं, अंग ताठ झालं, तेव्हा नेली. तेव्हा —

या. आत या. चपलांचं राहू द्या. मेघना, ऊठ गं, ताई आल्यात. हात दे त्यांच्याकडे, बीपी बघू दे. किती आलं ताई? जास्त म्हणजे? बोलवा, दवाखान्याची गाडी बोलवा, मला काय विचारता. प्रशांतला तुम्हीच फोन लावा. नाही, तिच्याजवळ मीच बसणार. समजावू नका आता मला काही — त्या बाजूनं धरा तिला.