दळवींनी भाच्याला काय सांगितलं

मला दळवींनी फसवलं. मस्कतच्या अल् खुवैरमधल्या क्लिनिकचे मॅनेजर दळवी, माझ्याच तालुक्यातले, त्यांनी मला, सुहास तांबेला फसवलं, आणि तेही अशा युक्तीनं की जी मी स्वतः काउंटरवर उभा राहून रोज वापरायचो. लिहून घ्या हे आधी, बाकीचं मागून सांगतो.

मी गुहागरच्या बाजूचा. वडील होडीवर खलाशी, घरात माणसं जास्त आणि बांगडे कमी. बारावी सायन्स झालो, मार्क बरे होते, बायोलॉजी आवडायची, पण पुढं शिकवणार कोण, म्हणून मस्कतला आलो, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हेल्पर लागलो आणि माल उचलता उचलता काउंटरवर पोचलो. अरबी मला कोणी शिकवली नाही, गिऱ्हाइकांशी भांडून शिकलो. घासाघीस करून माझ्याकडून कोणी जिंकून गेलाय असं तुम्हाला सगळ्या बाजारात कोणी सांगणार नाही. लग्न झालं, वैशाली इथं आली, शाळेत नोकरीला लागली, अल हैलला आम्ही दोन खोल्या घेतल्या, ईरा झाली. मग एक दिवस अर्बाब, म्हणजे आमचा मालक, मला बाजूला घेऊन म्हणाला की सुहास, काउंटरचं काम आता इथल्या मुलांना द्यायचं आहे, तू सावकाश दुसरं काही बघ. त्याचा मला राग नाही. देश त्यांचा, मुलं त्यांची, आणि माणसानं तोंडावर सांगितलं. तोंडावर सांगणाऱ्याचा मला कधीच राग येत नाही.

मी ठरवलं, आता असं काहीतरी शिकायचं की जे हातातून कोणी काढून घेणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावर शेर्लीसिस्टर राहायची, केरळची, मोठ्या हॉस्पिटलात नर्स. तिला विचारलं. ती हिंदीत म्हणाली, भैया, नर्सिंग करो, इमर्जन्सीत, हाडांच्या वॉर्डात पुरुष नर्स लागतात, पेशंट उचलायला, धरायला माणूस लागतो. आणि हेही म्हणाली की काम सोपं नाही, आजाऱ्याचं सगळं करावं लागतं, पाठ मोडते, वैशालीभाभीशी बोलून ठरवा. बघा, माल विकणारा माणूस मालाची खोट सांगतो का कधी? तिनं सांगितली. ही काही विकत नाही, हे तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

पण शुक्रवारी आम्ही मराठी माणसं दळवींकडे जमायचो, मदिनत सुलतान काबूसला त्यांचा मोठा बंगला, वहिनींच्या हातचं सोलकढी-भाताचं जेवण, आणि तिथं मी विषय काढला. दळवी हसले. म्हणाले, नर्सिंग चांगलंच आहे रे, पण ते तुझ्यासाठी नाही. ही जीभ, हे डोकं घेऊन तू काय आजाऱ्यांची शौचाची भांडी उचलणार? गावाला जाऊन काय सांगणार, ब्रदर झालो म्हणून? सगळे हसले, काय सांगू तुम्हाला, मीसुद्धा हसलो. मग ते म्हणाले की फिजिशियन असिस्टंट कर, डॉक्टरच्या उजव्या हाताला उभा राहशील, पेशंट तपासशील, माझ्या मेव्हण्याचं कॉलेजच आहे तिकडे भारतात, आणि शिकून आलास की आमच्या क्लिनिकचं दार तुला उघडं.

आता युक्ती ऐका. गिऱ्हाईक ब्रेक पॅड मागायला येतं. मी त्याच्यासमोर साधा डबा ठेवायचो, चालणारा, टिकणारा, आणि म्हणायचो, हा चांगला आहे, पण टॅक्सीवाल्यांसाठी, तुमच्या गाडीला शोभणार नाही. एवढंच. पुढं बोलायचंच नाही. माणूस स्वतःच्या हातानं दुसरा डबा ओढून घेतो. नर्सिंग चांगलं, पण तुझ्यासाठी नाही. माझंच वाक्य माझ्यावर टाकलं, आणि मी डबा ओढून घेतला.

शेर्लीला सांगितलं तर तिनं एकच विचारलं, भैया, यहाँ किस पोस्ट पे लेंगे, पूछा क्या? मला वाटलं, हिला आपलंच दुकान मोठं वाटतंय. जी काही विकत नव्हती तिच्यावर मी संशय घेतला आणि विकणाऱ्यावर विश्वास ठेवला, मी, ज्याला सगळा बाजार घाबरायचा.

गेलो. शिकायची वर्षं आणि वरती इंटर्नशिप. कोर्स खोटा नव्हता, खोटं मी बोलणार नाही. ऑपरेशनला सर्जनच्या समोर उभा राहायचो, केस पेपर लिहायचो, तिथले डॉक्टर मला नावानं हाक मारायचे, तिकडे राहिलो असतो तर नोकरीही दिली असती. पण वैशालीची नोकरी इथं, ईराची शाळा इथं, आणि मी शिकलो ते इथं परत यायला. आलो तेव्हा ईरानं दार उघडलं. एवढीशी टाकून गेलो होतो, ती उंच झालेली. मला बघितलं, गडबडली, आणि म्हणाली, या, बसा. पाहुण्यांना म्हणायला शिकवलेलं तेवढं मराठी तिला स्वच्छ येत होतं.

आणि इथं एकेका क्लिनिकचा जिना चढलो. सगळीकडे एकच, आमच्याकडे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, मधली जागाच नाही हो. दळवी म्हणाले, बघू, इन्शाल्ला. ते इन्शाल्ला ऐकत ऐकत मी हॉस्पिटलांना माल पुरवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर झालो. हातमोज्यांचे खोके मोजतो.

गेल्या महिन्यात ड्रायव्हर आजारी, म्हणून खोके घेऊन मीच दळवींच्या क्लिनिकला गेलो. माल उतरवून घ्यायला निळ्या कपड्यांतला एक जण आला, छातीवर स्टाफ नर्स लिहिलेलं. अमेय, दळवींचा भाचा. मी शिकायला गेलो त्याच वर्षी हाही शिकायला गेला होता. माझ्याकडे बघून खूश झाला बिचारा. त्याला मी सहज विचारलं, नर्सिंग कसं काय घेतलंस रे? तो म्हणाला, "मामांनीच सांगितलं काका, गल्फला यायचं तर नर्सिंगच कर, बाकीच्या कोर्सला इथं कोणी विचारत नाही."

खोका माझ्या हातातच राहिला. तसाच केबिनमध्ये गेलो. दळवींनी ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "तांबे, मी सल्ला दिला. निर्णय तुझा होता." चहाला मी हात लावला नाही. हेच मीही गिऱ्हाइकाला म्हणायचो, डबा तुम्हीच उचललात.

हे इथंच संपलं असतं तर मी एकटाच चडफडत बसलो असतो. पण आता शुक्रवारच्या जेवणाला येणाऱ्या आमच्या रेवंडकरची बायको स्मिता, इथल्याच एका ऑफिसात रिसेप्शनवर आहे, तिला नर्सिंगला जायचंय, लहान मूल सासूकडे ठेवून जायची तिची तयारी आहे. दळवी तिला परवा म्हणाले, नर्सिंग चांगलंच आहे गं, पण ते तुझ्यासाठी नाही. मी तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, दादा, तुमचं झालं नाही म्हणून तुम्हाला तसं वाटतं. शेर्लीवर मी मनात जसा संशय घेतला, तसाच हिनं माझ्यावर तोंडावर घेतला. माझं ऐकणार नाही ती. त्यांचंच ऐकेल.

म्हणून येत्या शुक्रवारी मी दळवींकडे जाणार. वैशाली म्हणते, जेवणाच्या पानावर तमाशा नको. तमाशा करत नाही. कॉलेज बुडवा म्हणत नाही, माझी वर्षं परत द्या म्हणत नाही. सगळे बसलेले असतील, स्मिता तिच्या नवऱ्याबरोबर बसलेली असेल, अमेय वाढत असेल. त्या सगळ्यांसमोर एवढंच विचारणार, दळवीसाहेब, भाच्याला घरात बसवून जे सांगितलंत, ते आम्हाला का नाही सांगितलंत? माझ्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा, आणि तिला उत्तर द्या.