डोळे शेवटी

पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीला रांग होती. माझ्यापुढं गणपतीच्या कारखान्यातल्या दोघी उभ्या, नखांत अजून गुलाबी रंग.

"शकूताय, तुझ्या त्या चेटकिणीच्या कादंबरीचा हा भाग वाचनालयात मिळाला."

"अगो, हा तिच्या लहानपणाचा. हा शेवटी वाच."

"का? गोष्ट इथनंच सुरू होते ना?"

"व्हय. पण लिवणारीनं हाच शेवटी लिवलाय. काय बाई हाय गो! एवढी राज्यं, एवढी माणसं, पण एकालाबी विसरत नाय."

"मग चेटकिणीचं लहानपण आधी कळलं तर बिघडलं कुठं?"

"नमिता, मूर्तीचे डोळे आपण कधी आखतो?"

"सगळ्यात शेवटी."

"आधी आखले तर?"

"बाकीचं रंगवताना मूर्ती आपल्याकडंच बघत राहील. मोकळेपणानं रंगवता येणार नाही."

"तसंच हाय हे. आधी लिवलेल्या भागांत ती गावंच्या गावं जाळते. तेव्हा तिला मनापासून शिव्या घाल. मग हा वाच, नि सांग मला, शिव्या परत घेता येतात का."

"तुला आल्या घेता?"

"नाय गो. म्हणून तर पिशवीत पुन्हा पयला लिवलेला भाग हाय."