साईनाथच्या सुटकेला हरकत

"हॅलो? … हां, वन्सं, बोला. … हो, नौपाड्यातच. पोलीस स्टेशनात बसलेय. … नाही हो, काही झालेलं नाही, घाबरू नका. … हो, त्याच कामासाठी. साईनाथच्या सुटकेचं."

साईनाथ म्हणजे वासंतीताईंच्या मुलाला, सलिलला, जिवे मारणारा. त्याचं नाव ऐकताच डोंबिवलीहून नणंदबाईंचा आवाज असा चढला, की समोरच्या हवालदारानं मान वर केली. वासंतीताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, ऐका ना… ऐका तर! चौदा वर्षं झाली म्हणून त्यानं अर्ज केलाय. आपल्याला विचारतायत, हरकत आहे का. … मी नाही म्हणणार आहे. … सुटकेला नाही नव्हे, वन्सं. हरकत नाही म्हणणार आहे. … हो, शुद्धीवर आहे."

"विसरले? मी? … क्रिकेटच्या भांडणात स्टंपच्या एका फटक्यानं माझा मुलगा गेला. ते तुम्ही मला सांगू नका."

"माफबिफ काही केलेलं नाही. … मग काय? सांगते. मागच्या वर्षी त्याचा बाप गेला, तेव्हा काही दिवस सोडलेलं त्याला. आमच्या दारात आला. … नाही कळवलं तुम्हाला. तुम्ही हेच बोलला असतात."

पलीकडून बरंच काही आलं. वासंतीताईंनी ते येऊ दिलं.

"झालं? … खूप बोलले मी त्याला. सगळा मजला बाहेर आला. तो उभाच. मग विचारलं, सलिल शेवटचं काय बोलला? … हो, विचारलं! कोर्टात सगळं निघालं, स्टंप किती इंचांचा तेसुद्धा. हे कुणी विचारलंच नाही. … म्हणाला, 'माझी चप्पल कुठेय?' … चप्पल, वन्सं. नवी होती. गोखले रोडवरून मीच आणलेली. … 'मी शोधली नाही, मावशी, मी पळालो', म्हणाला."

हवालदारानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"रडत नाहीये. … साईनाथ म्हणजे तेव्हा एकोणीस वर्षांचं पोर होतं. आता टक्कल पडलंय. तुरुंगात माणसं इतकी कोंबलीत, की पाळीपाळीनं पाय पसरतात. … बरं झालं? अहो, तो तिथे अवघडून झोपतो म्हणून मला इथे झोप लागते का? … जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, असं? कुणाच्या मरेपर्यंत? त्याच्या, की माझ्या? … पुन्हा केलं तर पुन्हा धरा! पण माझ्या सलिलचं नाव घेऊन आता कुणाला कोंडून ठेवायचं नाही. … तुम्ही आत्या, मान्य. आई मी आहे."

"ह्यांना देऊ? शेजारीच बसलेत. मान हलवतायत. हो म्हणून की नाही म्हणून, कळत नाही. आज विचारणारही नाही."

आतून नाव पुकारलं.

"बोलावतायत मला. … नाही, थांबणार नाही. … तुम्ही येईपर्यंत कशाला? … वन्सं, लग्न होऊन आल्यापासून तुमच्याआधी फोन कधी ठेवला नाही मी. … आज ठेवते."

आत साहेबांनी पेन उचललं. खुर्चीत टेकायच्या आधीच वासंतीताई म्हणाल्या, "लिहा. आईची हरकत नाही."