आठव्या डावात विचारलेला प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष मिस्टर हॅलोरन, व्यासपीठावर बसलेले क्लबचे मालक, फादर नोव्हॉटनी, आजचे सत्कारमूर्ती ऑरिन पासेक, आणि पोटात कावळे ओरडत असूनही शिस्तीत बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी एडना क्रॅट्झ. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. माझे दोन शब्द किती लांबतात हे ठाऊक असून सांगितलंय, तेव्हा दोष बोलावणाऱ्यांचा. आपल्या बेसबॉल क्लबच्या खेळाडूंना उन्हाळ्यात घरात खोली द्यायचं काम मी जन्मभर केलं. ऑरिन माझ्याकडे आलेला पहिला. अंगानं काटकुळा, पण जेवायला बसला की पातेलं पुसून ठेवायचा. आणि उजव्या हातानं चेंडू असा फेकायचा, की समोरच्यानं बॅट फिरवेपर्यंत तो कॅचरच्या हातमोज्यात गेलेला असायचा.

एकोणसत्तर सालच्या त्या सामन्याचा फोटो माझ्या मागे भिंतीवर आहेच. सामन्याचे पुरते नऊ डाव, आणि ऑरिननं एकही फटका बसू दिला नाही. गावानं त्याला खांद्यावर नाचवलं. त्याच आठवड्यात वरच्या लीगचं बोलावणं आलं होतं. मग हा गेला का नाही? गाव म्हणालं, पोरगा बुजला, मोठ्या शहराला घाबरला. अजून तसंच म्हणतं.

ऑरिननं मला कुणाला न सांगायची शपथ घातली होती. ती आज मोडते. तू खाली बघ हवं तर, पण मला बोलू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात हा डाव्या हातानं कॉफी ओतत होता. निम्मी मेजावर.

"काय रे, डावखुरा कधीपासून झालास?" मी विचारलं.

"सातव्या डावात कोपरात काहीतरी तुटलं, मावशी. हात सरळच होत नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोलू कुणाशी? बाकड्यावर बसलो की सगळे सरकून दुसऱ्या टोकाला. मॅनेजरकडे गेलो, तर त्यांनी पाठ फिरवली. आपला कॅचर वेंडेल, त्याच्याजवळ गेलो, तर तो बांधलेली नाडी सोडून परत बांधायला लागला. माझं भलं व्हावं म्हणूनच गप्प होते ना सगळे? मी तोंड उघडून त्यांचा खेळ नासवू?"

आपला रिवाज इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पिचरनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, एकही फटका दिलेला नसला, की बाकड्यावर त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही, शेजारी बसायचं नाही. बोललं की दृष्ट लागते. तर ऑरिनला दृष्ट लागली नाही. त्यानं तुटल्या कोपरानं उरलेले दोन डाव टाकले आणि त्याचा हात गेला. तेव्हा अशा कोपरावर इलाज नव्हता. पुढं तो धान्याच्या कोठारावर राबला, नंतर आपल्या क्लबच्या पिचरांना शिकवू लागला. वरच्या लीगमध्ये त्यानं एक चेंडूही टाकला नाही. मला आजही ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

अध्यक्षमहाराज, घड्याळ कशाला दाखवता? मला दिसतंय.

आता ऑगस्टमधलं. आपला तरुण पिचर रामीरो बाएस, तो बघा तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय. त्यानं सात डाव एकही फटका दिला नव्हता. आठव्यात बाकड्यावर येताना त्यानं हात एकदा झटकला. सगळे दूर सरकले, आणि ऑरिन उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. म्हणाला, "हात कसा आहे, बाळा? दुखत असेल तर सांग, खेळ गेला खड्ड्यात."

रामीरो म्हणाला, "बरा आहे, कोच."

आणि नवव्या डावात फटका बसला. हात खरंच बरा होता, आजही ठणठणीत आहे. म्हणजे ऑरिन चुकला का? तुमच्या हिशेबानं चुकला. पण 'दुखतंय' असंच उत्तर येणार याची खात्री असल्याशिवाय माणसानं माणसाला विचारायचंच नाही का?

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, 'प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती'. अहो, प्रकृतीला काय धाड भरलीय त्याच्या? मागच्या रविवारी माझ्या छपराचे पत्रे त्यानंच ठोकून दिले. त्या एका प्रश्नापायी तुम्ही त्याला काढलंत. वर हारतुरे घालताय, आणि ऑगस्टपासून एकजणही त्याच्याशी धड बोललेला नाही. बेकरीत त्याच्या हातात पाव देतात तोही तोंड फिरवून. आज या व्यासपीठावरसुद्धा त्याच्या डावी-उजवीकडचे पाहुणे त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी गप्पा मारत होते. एकोणसत्तर साली तुम्ही निदान मायेपोटी गप्प होतात. आता कशापोटी?

असो. क्लबनं मला बोलू दिलं, बायकांनी एवढा स्वयंपाक रांधला, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. शेवटी, अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. मी तसं म्हणत नाही. माझं चुकलं असेल तर जेवताना समोर या आणि चार शिव्या द्या. रामीरो, तुझा राग असेल तर तूही ऑरिनला दे. त्याला तेवढंही चालेल.