चावी काढल्यानंतर

हॅलो?

हं, बोल… बोल गं, जेवण झालं माझं, डबा धुतेय… कुठवर आलात?… वळणावर म्हणजे कुठल्या? त्या रस्त्याला वळणांशिवाय आहे काय?… बरं. धुकं किती आहे?… कठड्यापलीकडचं दिसतच नाही? मग सावकाश ये ना, मी काय घड्याळ लावून बसलेय?… बाबा कसे आहेत?… कुडकुडताहेत? शाल दे अंगावर… काच पुसत बसलेत? पुसू दे. कामात असले की बरे असतात.

ताईने नळ बंद केला. धाकटीचा फोन म्हणजे आधी दोन मिनिटं हवापाणी आणि मग मुद्दा, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. वडिलांना दोघी बहिणींनी वाटून घेतलं होतं, तीन महिने इकडे आणि तीन महिने तिकडे. आज पाळी बदलायची होती, म्हणून धाकटी त्यांना स्वतःच्या पिकअपमध्ये घालून निघाली होती. ताई जिथे उभी होती ते गॅरेज वडिलांनीच उभं केलेलं. एके काळी लांबलांबून गाड्या यायच्या त्यांच्या हातासाठी. आता चार वर्षं झाली, समोर बसलेलं माणूस आपलं की परकं हेही त्यांना उमगत नव्हतं.

मग? थांबलीस कशाला?… धूर? काळा का निळा?… नीट बघून सांग, धुक्यात सगळंच निळं दिसतं… निळाच. बरं. कॅन उघडलास का?

कॅन म्हणजे दोन मुठींएवढा एक डबा. टर्बोच्या इंजिनात आतून जो दाब सुटतो त्यात तेलाची वाफ असते, आणि ती वाफ परत इंजिनाच्याच नाकात जाते. मध्ये हा डबा लावला की तेल त्यात गाळलं जातं आणि नुसती हवा पुढे जाते. एवढंच त्याचं काम. महिनाभरात चार चमचे तेल साठलं तरी खूप. धाकटीने तो रविवारी स्वतःच्या हाताने बसवला होता, ताई फोनवरून सांगत होती तसतसा.

भरलेला?… अगं, सकाळी निघताना रिकामा केला होतास ना?… मग तीन तासांत काय भरेल त्यात?… किती निघालं?… बाटली? लिटरची का छोटी?… दोनदा? म्हणजे एकदा काढलंस, आणि परत भरला?

ताई हात पुसता पुसता थांबली.

तेलाची डिपस्टिक बघितलीस?… इंजिन बंद असताना बघितलीस ना?… मग तेल कमी झालं असणार, सरळ आहे, एवढं बाहेर आलंय तर… कमी नाही?… वर? खुणेच्या वर?… किती वर?… दोन बोटं.

तू ओतलंस का वरून?… शपथ घे… अगं चिडू नकोस, विचारतेय फक्त. दोन बाटल्या बाहेर काढल्यास, आणि आत होतं त्यापेक्षा जास्त आहे. तू ओतलं नाहीस. मग ओततंय कोण?

हे ती हसत म्हणायला गेली, पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं ते हसण्यासारखं नव्हतं. पत्रा ठोकणारा डेंटर जेवायला गेलेला, शेड रिकामी. कुठे खुट्ट नाही.

ऐक. डिपस्टिकचा वास घे… घे गं, मरत नाहीस… कसला येतो?… हं. डिझेलच. घाबरू नकोस, कळलं मला. इंजेक्टर गळतोय. डिझेल खाली तेलात उतरतंय, म्हणून तेल वाढतंय. भुताटकी नाही काही. फक्त एक कर, गाडी चालू करू नकोस. मी टोइंगवाल्याला… काय?… चालू आहे? आत्ता?… हीटरसाठी! बाबांना थंडी वाजते म्हणून!… नाही, नाही, तुझं काही चुकलं नाही, तुला कुठं माहीत होतं. बंद कर. जा, आधी बंद कर, मग बोल.

केलीस?

अगं केलीस का?… मग मला कसं ऐकू येतंय?

फोनमधून इंजिन ऐकू येत होतं. एकसुरी, जाड, घसा भरून आल्यासारखं. आणि ते धाकटीच्या आवाजाच्या मागे नव्हतं, पुढे येत होतं.

चावी फिरवलीस ना?… पूर्ण?… काढलीस? कुठाय मग?… हातात. चावी तुझ्या हातात आहे.

हं.

हं, ऐकतेय.

ताईने हे आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, वडिलांच्या मागे उभं राहून. इंजिनाला एकदा स्वतःचंच तेल प्यायची चटक लागली की त्याला टाकी नको, चावी नको, माणूस नको. ते स्वतःलाच खात फिरत राहतं, जास्त जोराने, आणखी जोराने, आतलं सगळं संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत. पण कॅन असताना? त्या डब्याचं कामच मुळी हे तेल अडवायचं. ती धावत शेडच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे तसलीच एक पिकअप बॉनेट उघडून उभी होती.

ऐक, कॅनच्या दोन नळ्या आहेत ना. डावी कुठे जाते?… टर्बोकडे?… अगं नाही, डावी इंजिनाकडून येणारी, मी रविवारी दहा वेळा सांगितलं, डावी आत येणारी आणि उजवी… थांब. बसवताना तू कुठे उभी होतीस?… समोर. बॉनेटसमोर.

अगं बाई.

वडिलांच्या गॅरेजात डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवरून. समोर उभे असा, खाली झोपलेले असा, उलटे लटकलेले असा, डावं म्हणजे ड्रायव्हरचं डावं. ताईच्या हाडात हे इतकं भिनलेलं होतं की कुणाला सांगावं लागतं हेच ती विसरली होती. धाकटी शाळेत हुशार, तिला कधी गॅरेजात येऊ दिलं नाही. नळ्या उलट्या लागल्या होत्या. डबा गाळत नव्हता. साठवत होता आणि पाजत होता.

माझी चूक आहे. नंतर बोलू. आवाज वाढतोय का?… हो, येतोय मला ऐकू. आता ऐक, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढ. क्लिपा आहेत चार… आत मोठं तोंड दिसेल, त्यावर काहीतरी सपाट दाब. हवा तोडायची. हात नाही! हात अजिबात लावायचा नाही, ओढून घेईल… फळी आहे?… चप्पल? कसली, रबराची? ती गिळेल गं… बाबांची फाइल? कागद नको… एखादं झाकण, ताट… क्लिप निघत नाही? स्क्रू-ड्रायव्हर घाल… बरं, सोड. सोड म्हणते ना! गाडी गेली खड्ड्यात. बाबांना उतरव.

मोठ्याने बोल, ऐकू येत नाही!… गाडीवर पोट आहे तुझं, माहितेय मला. पोट नंतर बघू. बाबांचा पट्टा सोड आणि लांब घेऊन जा त्यांना… फोन ठेव कुठेही, दोन्ही हात लागतील… ठेव सीटवर… स्पीकरवर ठेव!

फोन कशावर तरी मऊसर आदळला. त्यानंतर ताई नुसती ऐकत राहिली.

इंजिन आता घुमत नव्हतं, किंचाळत होतं. त्यात धाकटीची हाक, दोनदा. मग एक आवाज आला, लहानसा आणि अगदी स्वच्छ: खट्. दारं आतून लॉक झाल्याचा. मग बाहेरून कुलपात चावी खरखरली, आणि पुन्हा आतून खट्. मग काचेवर थपडा. मग सीटचं कातडं करकरलं, कुणीतरी जड माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकावं तसं.

बाबा?… बाबा, काय करताय?

गिअर पडला. घाईने नाही, चाचपडत नाही. एका दमात, जसा रोज पडतो तसा. इंजिन एकदा प्रचंड हिसडलं, फोन कुठेतरी घरंगळला, काहीतरी खाली कोसळलं, आणि मग

काहीच नाही.

हॅलो?

हॅलो… कुणी आहे का?… अगं तू आहेस का?

ब्रेक पूर्ण दाबायचा, पाचवा टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा. बेभान झालेलं इंजिन मारायचा हा एक उपाय आहे, आणि तो करायला कुणाची छाती होत नाही. हा उपाय ताईने धाकटीला सांगितलाच नव्हता. समोर कठडा होता.

फोन कुणीतरी उचलला. जवळ, अगदी कानाशी, शांत श्वास.

हॅलो… कोण?… हो, गॅरेजमधूनच बोलतेय.

चार वर्षांत तिने हा आवाज ऐकला नव्हता. घरात वडील पुटपुटायचे, अर्धे शब्द गिळायचे, पाणी मागताना रडायचे. हा आवाज तो नव्हता. हा खणखणीत होता, जरा तुसडा, घाईतला. समोरच्याला न ओळखणारा.

हो, उस्ताद.

गॅरेजात त्यांना सगळे उस्तादच म्हणत. तीसुद्धा. ‘बाबा’ फक्त घरी.

मीच बसवला तो डबा… हो, उलटा. नळ्या उलट्या लागल्या… आवाजावरून कळलं तुम्हाला?… चुकले… नाही, परत नाही होणार… हो, ड्रायव्हरच्या सीटवरून. लक्षात आहे… उस्ताद, बाहेर एक बाई आहे ना, तिला जरा दार उघडा… गिऱ्हाईक नाही ती… बरं, गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला आत घ्या ना… का?

काय म्हणालात?… कशाची ट्रायल?… नाही, उस्ताद, ट्रायल नको. गाडी बंद पडली ते बरं झालं. आणि चावी कुठे आहे तुमच्याकडे, चावी तर…

धातूवर धातू किणकिणला. किल्ल्यांचा जुडगा. वडील तो कायम खिशात ठेवत, काढून घेतला की लहान मुलासारखे हमसत. म्हणून दोघींनी राहू दिला होता. जुन्या कुलपांच्या किल्ल्या, असं समजून. पण त्यातली एक किल्ली या पिकअपचीच होती, जादाची.

आणि आणखी एक आवाज. दूर, बाहेरून, पत्र्याआडून. टक. टक. पान्याचा. हा आवाज ताईला झोपेतही ओळखू आला असता. धाकटी शहाणी होती. वडिलांच्या हातातला जुडगा तिने काचेतून पाहिला असणार, आणि गाडी चालूच होऊ नये म्हणून ती बॅटरीची तार सोडवायला धावली असणार. बॉनेट उघडं, म्हणजे आतून समोरचं काही दिसत नाही. ती कोपरापर्यंत पंखा आणि पट्ट्याच्या मध्ये वाकलेली असणार. गिअर अजून पाचव्यात, म्हणजे किल्ली फिरली की पंखाही फिरणार आणि गाडीही पुढे हिसडणार.

उस्ताद, किल्ली लावू नका.

लावलीत?… ऐका ना… मी सांगतेय, तुमची… नाही, मी कोण ते राहू द्या.

पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं. दोनच शब्द. तिने ते शब्द लहानपणी दिवसातून शंभरदा ऐकले होते.

त्या गॅरेजाचा एकच कायदा होता. बॉनेट उघडं असेल तर त्याखालचा माणूस ‘हात बाहेर’ असं ओरडेपर्यंत सीटवरच्याने किल्ली फिरवायची नाही. उत्तर नाही आलं तरी नाही. माणूस बाजूला दिसला तरी नाही. शब्द पाहिजेत. वडिलांच्या उमेदवारीत त्यांच्या जोडीदाराची तीन बोटं पंख्यात गेली होती, तेव्हापासून. मुलींची नावं गेली, बायको गेल्याचं गेलं, घराची वाट गेली. आणि हा प्रश्न राहिला होता.

नाही, उस्ताद. हात आत आहेत.

हो, आतच… थोडं काम आहे… बॅटरीची तार… दहाचा पाना… हो, घट्ट बसलीय… नाही, अजून आतच.

ती बोलत होती आणि तिला जाणवलं की हा माणूस खोटं लगेच ओळखायचा. समोर न बघता. आवाजावरून. तिने फोन मान तिरकी करून खांद्यात दाबला, पुढे झाली, आणि समोरच्या पिकअपच्या बॉनेटखाली दोन्ही हात घातले. कोपरापर्यंत. इंजिन थंडगार होतं.

आत आहेत, उस्ताद… हो, दोन्ही… सांगते ना मी, झालं की ओरडते… तुम्ही बसा निवांत… पाना?… हो, येतोय ऐकू मलाही.

टक. टक. मध्ये लांबलचक गॅप. टक.

नाही, घाई नका करू… शिव्या द्या, चालेल… हळूच काम करतेय मी, पहिल्यापासून हळूच… हात? आतच आहेत… आतच… उस्ताद? आवाज तुटतोय तुमचा… तिकडे नेटवर्क… मी म्हटलं, हात आत आहेत! ऐकलंत?… ऐकलंत का?

उस्ताद?

हॅलो?… हॅलो?… बाबा?

कानात बारीक टूं टूं सुरू झालं. शेडमध्ये कुणी नव्हतं. परत फोन लावायचा तर एक हात बाहेर काढावा लागणार होता.