फोन धरणारी

डोळ्यांत थेंब घातलेल्या एक आजी दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारचं नवरा-बायकोचं जोडपं त्यांना नुसतं ऐकू येत होतं.

“चॅनल बंद करतोय मी. वीस व्हिडिओ झाले, बघणारे नऊजण.”

“नऊ काय कमी झाले?”

“त्यातला एक मी, एक तू. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचं तोंड कोण बघणार?”

“मी बघते ना, फोन धरून.”

“हात अवघडतो तुझा. तेवढीच सुटका होईल.”

“मला नकोय सुटका. तीस वर्षं झाली लग्नाला. घरात तुमचं बोलणं म्हणजे ‘चहा दे’ नि ‘पंखा लाव’. फोन धरला की माझ्याकडे बघून बोलता. पहिलं मशीन उघडलंत, जोडता येईना, म्हणून मामंजींपासून दोन दिवस लपून बसला होतात, हे मला व्हिडिओतच कळलं.”

“अगं, मग फोनशिवाय सांगत जाईन की!”

“बरं, सांगा.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

आजींनीही कान टवकारले. “तर... ते असं झालं...” नवऱ्याचं गाडं तिथंच अडलं. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

“उद्या सकाळी धर बाई तो फोन.”