मास्तर गप्प उभे राहतात तेव्हा

...आणि म्हणे, सर, तुम्ही वर्गात कमी बोला! अहो, कमी बोला? मास्तरला? उद्या न्हाव्याला सांगाल, कात्री खाली ठेव! तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं गणित शिकवतोय मी, सव्वीस! माझा आवाज मैदानापलीकडच्या बसस्टॉपवर ऐकू जातो, लोक बसची वाट बघता बघता वर्गमूळ शिकलेत!

पण आमच्या नव्या मोठ्या बाई... आवाज एवढासा, शब्द मात्र काळ्या दगडावरची रेघ. म्हणाल्या, "सर, सातवीत मुलं बेचाळीस, अपूर्णांकात पास अकरा. तुम्ही सांगता छान, पण त्यांना कळतं का, ते विचारता का?" आता बोला! रोज विचारतो की! "समजलं का?" "होऽऽऽ!" झालं! बाई म्हणतात, "तसं नाही सर. खरा प्रश्न विचारायचा आणि गप्प उभं राहायचं. मनात वीस आकडे मोजायचे. मी बसते मागे." घ्या! सव्वीस वर्षं शिकवतोय मी, आणि परीक्षा माझीच!

दुसऱ्या दिवशी गेलो वर्गात. बाई शेवटच्या बाकावर, वही उघडून. फळ्यावर लिहिलं, तीन भागिले एक चतुर्थांश. दरवर्षी काय सांगतो मी? "खालचा वर, वरचा खाली, गुणा, पुढे चला!" त्या दिवशी विचारलं, "पण उलटा का करायचा?" आणि थांबलो. एक... दोन... पंखा कुरकुरतोय... सात... कानामागून घाम... आणि अकराव्या आकड्याला... अरेच्चा, खरंच, का करायचा? सव्वीस वर्षं शिकवतोय मी, आणि मलाच माहीत नाही हो!

सतरा... अठरा... आणि बाईंच्या शेजारून एक हात वर! कोण? शिंप्याची पोर! वर्षभरात 'हजर'पलीकडे शब्द नाही. चाचरत म्हणाली, "सर, बाबा कापड कापतात ना... एका मीटरचे पाव-पाव मीटरचे तुकडे चार होतात. मग तीन मीटरचे बारा. म्हणजे... चारने गुणलंच की, सर!"

आणि एकदम सगळा वर्ग, "अरे, हो की!" एक म्हणतो अर्ध्या मीटरचे करू, दुसरा म्हणतो पाऊण मीटरचे, एकाने तर फूटपट्टी काढून बाकच मोजायला घेतलं! नुसता गलका! आणि मी? हातात खडू, तोंड उघडं! डोळ्यांत पाणी... खडूची धूळ हो, दुसरं काय!

मग रोज तेच. मी विचारायचं, पोरांनी भांडायचं, चुकायचं, पुन्हा करायचं. महिन्याने चाचणी घेतली... बेचाळीसपैकी अडतीस पास! शिंप्याची पोर पहिली! तिचे वडील गळ्यातला टेप तसाच घेऊन धावत आले, "सर, काय शिकवलंत हो! आता मलाच सांगते, बाबा, असं कापा, तुकडा वाया जाणार नाही!" म्हटलं, "मी कुठं? मी तर गप्प होतो!"

आज पोर पुन्हा उठली. आता उठते हो, बसवून बसत नाही! "सर, ऋण गुणिले ऋण, धन का होतं?" मोजले वीस. चाळीस मोजले. सगळे माझ्याकडेच बघतायत! घंटा झाली म्हणून वाचलो! म्हटलं, "उद्या सांगतो."

तेव्हापासून कपाटातली सगळी पुस्तकं काढून बसलोय. बायको हाका मारतेय, "अहो, जेवण गार होतंय!" काय सांगू तिला? म्हटलं, तू जेवून घे बाई... माझा गृहपाठ राहिलाय.